जिथं बोटं लागतात

१

दुपारची भांडी पालथी घालून झाली, की आई ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "दाखव."

काय दाखवायचं ते विचारावं लागत नसे. देवू हात पुसायचा, फोनवर घराची वेबसाइट उघडायचा आणि फोन तिच्या हातात द्यायचा. पहिल्याच पानावर घराचा मोठा फोटो होता. पांढऱ्या भिंती, निळं दार, दारापुढच्या पायऱ्या, डाव्या अंगाला बोंबील वाळत घालायच्या काठ्या आणि त्या काठ्यांच्या खांबाला खांदा टेकून उभा असलेला कमलेश, देवूचा थोरला भाऊ. चौकड्यांचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. समोरच्यानं काहीतरी वात्रट बोलावं आणि दाबता दाबता हसू सुटावं, तसा हसणारा.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. ती फोन नाकाला लावायची, मग लांब धरायची, मग पुन्हा जवळ. शेवटी तिचं बोट काचेवर चाचपडत खांबापाशी यायचं आणि थांबायचं.

"हा काय. हाय."

एवढं म्हणून ती फोन परत द्यायची आणि कामाला लागायची.

कमलेश गणपतीच्या आधी गेला. बोईसरहून गॅसचा सिलिंडर मोटरसायकलला बांधून येत होता. वळणावर टँकर आला. खिशातल्या फोनचा चुरा झाला आणि त्यातले सगळे फोटोही त्याच्याबरोबर गेले. भिंतीवर हार घालायला शेवटी ओळखपत्रावरचाच फोटो मोठा करून आणला. त्यात कमलेश पोलिसांनी धरून आणल्यासारखा दिसत होता. आईनं तो एकदाच निरखला. "ह्यो माजा नाय," म्हणाली, आणि त्या भिंतीकडे पुन्हा फिरून बघितलं नाही. तिचा होता तो वेबसाइटवरचा.

समुद्रकाठच्या दांडी गावातल्या या घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि त्यांना ताजी मासळी करून घालायची, ही कल्पना कमलेशची. वेबसाइटही त्यानंच बोईसरच्या सुजीतला हाताशी धरून उभी केलेली. आता ती देवूच्या गळ्यात पडली होती. देवू आठवीत शाळेतून उठला तो पुन्हा बसला नाही. ओठ हलवल्याशिवाय त्याला वाचता येत नसे. पण घर पाहुण्यांवर चालत होतं आणि पाहुणे वेबसाइटवरून येत होते. म्हणजे यायला हवे होते. दिवाळी सरली तरी दोन्ही खोल्यांतल्या गाद्या गुंडाळलेल्याच होत्या.

आई एकदा सहज बोलून गेली, "कमलेश असता तं आतापरेंत घर भरलं असतं."

सहजच बोलली. पण देवूनं दुसऱ्या दिवशी बोईसरची टमटम पकडली.

२

सुजीतचं दुकान म्हणजे एका अंगाला फोनची कव्हरं, दुसऱ्या अंगाला झेरॉक्स आणि मधे लॅपटॉप. तो कमलेशचा दोस्त. तो हसरा फोटो त्यानंच काढलेला. देवूला स्टुलावर बसवून त्यानं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"हे बघ. लोकांनी गुगलवर काय टाकलं आणि आपण कुठं दिसलो, ते हे सांगतं. 'तारापूर जवळ मासे जेवण'. 'दांडी बीच राहण्याची सोय'. दिसतोय आपण. पण दुसऱ्या पानावर. दुसऱ्या पानावर कोण जातं? मी पण नाय जात."

"मग पयल्यावर न्या की."

"टमटमची सीट हाय का, रुमाल टाकला की आपली?" सुजीत हसला आणि मग दोस्ताच्या भावापुढे हसल्यासारखं वाटून थांबला. "आपल्याकडं लोक येतात, पण आल्या पावली परत जातात. गुगलला ते कळतं. त्याला वाटतं, ह्या घरात काय दम नाय. मग तो खाली ढकलतो."

"परत का जातात?"

सुजीतनं दुसरं पान उघडलं. तेच घर, तोच फोटो, पण त्यावर कोणी ओले रंग सांडल्यासारखं दिसत होतं. कडेला निळं, मधे पिवळट, आणि एका जागी लालभडक.

"लोकांची बोटं फोटोवर कुठं लागतात ते हे. निळं म्हंजे कोण हात लावत नाय. लाल म्हंजे सगळे तिथंच."

लाल डाग कमलेशच्या तोंडावर होता. डोळे, नाक, हसू, काही दिसत नव्हतं.

"माणूस उभा असला की लोक माणसाकडं बघतात, घराकडं नाय," सुजीत हळू बोलत होता. "ह्याला दाबून बघतात. काय उघडत नाय, मग जातात. खाली फोन नंबर हाय, तिथवर कोण पोचतच नाय. एक करता येतं. ह्याच्यावर बोट ठेवलं की सरळ तुला फोन लागेल, असं जोडून देतो."

"दादाच्या तोंडावर बोट ठेवलं की माजा फोन वाजणार?"

"तसं नाय रे."

"तसंच हाय."

काउंटरशी एक कामगार केव्हाचा उभा होता. "भैया, आधार का दो कॉपी," तो म्हणाला. सुजीत मशीनकडे वळला तेवढ्यात देवू दुकानातून निघून गेला होता.

टमटममधे त्याला राहून राहून ती बोटं दिसत होती. ठाण्याची, पुण्याची, कुठकुठली. तेलाची, तंबाखूची. ज्यांनी दादाला कधी हाक मारली नाही त्यांची. त्याच्या पोटात आग पडली. देवूचं असंच होतं, आधी आग पडायची आणि विचार मागाहून यायचा. दांडीच्या नाक्यावर उतरून तो बंधाऱ्यावर बसला. वेबसाइटवरचा फोटो त्यानं फोनवर उतरवून घेतला. बोटानं घासलं की फोटोतली नको ती गोष्ट पुसून टाकायची सोय त्याच्या फोनात होती. एकदा एका गिऱ्हाइकाच्या फोटोतला कुत्रा त्यानं तसा घालवला होता.

तो घासत गेला. आधी पाय गेले, मग शर्ट. तोंडावर बोट नेताना त्यानं नजर समुद्राकडे ठेवली. फोननं क्षणभर विचार केला आणि मागची भिंत पुढे ओढली, खांब पुरा केला, चार बोंबीलही जादा टांगले. तिथं कधी कोणी उभंच नव्हतं असं घर तयार झालं.

फोटो परत चढवताना फोननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. खाली दोन बटणं होती. देवूनं निळं दाबलं. निळं बटण बरोबर असतं, असा त्याचा आजवरचा अनुभव होता.

आणि मग त्याला हलकं वाटलं. पुढं सगळं झालं त्यात देवूला सर्वांत जास्त लाज कशाची वाटली असेल, तर या हलकं वाटण्याची. फोटोतल्या मोकळ्या ओट्याकडे बघून त्याच्या मनात आलं होतं, आता हे घर माझं दिसतं.

३

दुसऱ्या दुपारी आई ओट्यावर आली. "दाखव."

"नेट नाय, आये."

"मंग उद्या."

दुसऱ्या दिवशीही नेट नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी फोनची बॅटरी गेली होती. आई वाद घालत नसे. ती भिंतीला टेकून बसायची, मोकळे हात मांडीवर ठेवून. काठ्यांवरचे वाळलेले बोंबील वाऱ्यानं एकमेकांवर आपटत, कोणी सावकाश हाडं मोजत असल्यासारखे, आणि देवू आत जाऊन काहीतरी पाडून उगाच आवाज करी.

सुजीतचा फोन आला. "पयल्या पानावर आलो आपण, देवू. काय केलंस काय?"

"फोटो बदलला."

पलीकडं घुरघुरणारं झेरॉक्सचं मशीन बंद झालं. मग सुजीत म्हणाला, "जुना ठेवलास ना कुठं?"

देवूनं तो कुठं ठेवलेला नव्हता. त्या निळ्या बटणानं जुन्याच्या जागी नवा बसवून टाकला होता. सुजीतनंही मधल्या काळात फोन बदलला होता. त्यानं दोन दिवस शोधलं, जुनी मेमरी कार्डं उलटीपालटी केली, लॅपटॉपचे कोपरे झाडले. हसणारा कमलेश आता कुठंच उरला नव्हता.  आईला आज सांगू, उद्या सांगू करत देवू दिवस ढकलत राहिला.

पाहुणे मात्र येऊ लागले. खोल्यांतल्या गाद्या उलगडल्या. रविवारी बोईसरच्या कंपनीतले कैलास म्हणून एक गृहस्थ बायकोला घेऊन जेवायला आले. माणसं मूळची नगरकडची, मासे खायला अजून बिचकणारी. बायकोचं नाव अर्चना. काट्यांची भीती घालवायला आईनं तिला पापलेटाचा तुकडा सोडवून दिला, आणि तेवढ्यात तिनं आईला मावशी करून टाकलं.

हात धुताना ती देवूला म्हणाली, "फोटोतले दादा नाहीत का आज?"

"कुठल्या फोटोतले?"

"तुमच्या त्या वेबसाइटवरच्या. हसतात बघा. मी ह्यांना म्हटलं, माणसं चांगली दिसतात, इथंच जाऊ."

जुना फोटो पाहिला असेल, देवूनं मनाशी म्हटलं. आणि त्यासरशी तो हात पुसत पुढं सरकला. जुना फोटो हिच्या फोनात राहिला असेल.

"दाखवा ना जरा."

तिनं फोन काढला. ओल्या बोटानं वेबसाइट उघडली. पांढऱ्या भिंती, निळं दार, काठ्या, खांब.

"हे काय," अर्चनानं खांबाशेजारी बोट टेकलं. "हे." मग ती वाकली. फोन तिरका करून पाहिला. "अं, सावली आहे वाटतं. मला आपलं..." ती स्वतःशीच हसली. "काल घाईत बघितलं असेल."

देवूनं तो फोटो पुन्हा पाहिला. खांबाला सावली नव्हती. उन्हं डोक्यावर असताना काढलेला होता तो.

४

"जुनी बोटं असतील," सुजीत म्हणाला.

लाल डाग जागच्या जागी होता. खांबापाशी, भिंतीच्या चुन्यावर, माणसाच्या उंचीला. त्याखाली काहीही नसताना.

"आधीच्या लोकांची बोटं पण हे धरतं. थांब, तू फोटो बदललास त्याच्या पुढचंच मागतो."

त्यानं तारीख बदलली. रंग विरघळले आणि पुन्हा जमले. पिवळं कमी झालं. लाल मात्र होतं तसंच, उलट त्याच्या कडा आधीपेक्षा नीट दिसत होत्या.

"ही कोणाची बोटं?" देवूनं विचारलं. "हे लोक तं सगळे नवीन ना? त्यांना काय ठावं तिथं कोण व्हतं?"

"खांब काळा हाय. पांढऱ्यावर काळं दिसलं की माणूस दाबतो."

"दाराची कडी पण काळी हाय. ती निळी कशी?"

 बाहेरून एमआयडीसीचा आंबूस वास आला आणि सुजीतनं दुकानाचं काचेचं दार ओढून घेतलं. देवूला बरं वाटलं. सुजीतकडे उत्तर नाही म्हणजे ही मशीनचीच काहीतरी खोड असणार. आपल्या डोक्यात बसत नाही ते सगळं खरंच असतं असं नाही, असं तो स्वतःला समजावत घरी आला.

पुढच्या आठवड्यात गॅस आणायला बोईसरला गेला, तेव्हा सुजीतनं त्याला आपण होऊन आत बोलावलं. लॅपटॉप आधीच उघडा होता.

खांबापाशी निळं पडलं होतं. लाल डाग सरकला होता. तो आता पायऱ्यांवर होता, खालच्या पायरीच्या अंमळ वर.

"फोटो हलवलास तू?"

"नाय."

"कापलास, मोठा केलास, काय?"

"हातच लावला नाय त्याला."

दोघं एकाच स्टुलाच्या दोन कडांवर बसल्यासारखे वाकून बघत राहिले. डाग वर निमुळता होता, खाली रुंद. कोणी पाय फाकून पायरीवर बसावं, कोपरं गुडघ्यांवर टेकावीत, तसा. हे देवूला दिसलं तसं सुजीतलाही दिसलं असणार, कारण त्यानं लॅपटॉपचं झाकण खाली केलं.

"मशीन हाय. चुकतं," तो म्हणाला. "आणि ऐक. बुकिंग येतंय ना? मग हे बघत जाऊ नको."

सिलिंडर घेऊन देवू टमटमनं आला. घराशी उतरला तेव्हा पायऱ्यांवर मांजर बसलेलं होतं, नुसतं मांजर. तरी तो मागच्या दारानं आत गेला.

५

अर्चना पुन्हा आली ती शेजारणीला घेऊन. देवू चुलीपाशी बोंबील तळत होता. ताटं घेऊन बाहेर आला, तर आई ओट्यावर बसलेली आणि अर्चनाचा फोन तिच्या नाकाला लागलेला.

"मावशी म्हणाल्या, तुमचं नेट चालत नाही महिनाभर," अर्चना म्हणाली. "म्हटलं, माझ्यावर बघा."

  देवूला पळून जावंसं वाटलं, आणि पळालो तर आईला कळेल, म्हणून तो ताटं धरून उभा राहिला.

आईनं फोन लांब धरला. जवळ आणला. तिचं बोट काचेवर निघालं. खांबापाशी आलं. तिथंच थांबायची तिला सवय होती. महिने न् महिने ते बोट तिथंच थांबलं होतं. ते थांबलं नाही. खांब ओलांडून पुढं गेलं, उजवीकडं, थोडं खाली.

"हा काय. हाय," आई म्हणाली. "पायरीवर येऊन बसला आज."

अर्चनानं फोटोत पाहिलं, मग देवूकडे पाहिलं. गेलेल्या माणसाची गोष्ट एव्हाना तिला शेजारणीकडून कळली असावी. "हो मावशी," ती समजुतीनं म्हणाली.

देवू आत येऊन रांजणाला टेकला. मोतीबिंदू आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. तिला काही दिसत नाही, ती मनातलं बघते. चांगलंच झालं की मग. तिला तिचा मुलगा मिळतोय आणि आपल्याला काही सांगावं लागत नाही. एवढं मनात येऊन तो सुटकेचा श्वास टाकणार, तोच त्याला स्वतःची किळस आली. आंधळ्या होत चाललेल्या आईला फसवून आपण श्वास टाकतोय.

आणि पायरीचं तिला कोणी सांगितलं, हे तर उरलंच होतं. सुजीत दांडीला आला नव्हता. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं.

बाहेर आई अर्चनाला विचारत होती, "काय गो, आत का येत नाय तो? कोण काय बोललं का त्याला?"

६

मग देवूला पुन्हा आग पडली, आणि या खेपेला तिच्यात भीती मिसळलेली होती. तिला माणूसच हवा ना, मग माणूस देऊ. लोकांच्या बोटांनाही माणूसच हवा. त्यानं पेटी उघडून कमलेशचा चौकड्यांचा शर्ट काढला. कापराचा वास येत होता. खांद्यांत सैल झाला, पण बाह्या दुमडल्यावर अंगावर बसला.

सुजीतला त्यानं रविवारी बोलावून घेतलं. सुजीत मोटरसायकल लावून ओट्याशी आला, आणि शर्ट बघून जागीच थबकला.

"हे बरं नाय, देवू."

"तुमी काढा."

"काकीला काय सांगणार?"

"तिला दिसतं कुठं. भावासारखा भाऊ. काढा तुमी."

आई घिवलीला बहिणीकडं गेली होती. देवू खांबाला खांदा टेकून उभा राहिला. सुजीतनं फोन उचलला आणि खाली घेतला. काच शर्टाच्या टोकानं पुसली. पुन्हा उचलला. पुन्हा पुसली. बराच वेळ तो ती काचच पुसत होता.

"हस," शेवटी म्हणाला. "एवढं नाय. तो असा दात काढून नाय हसायचा."

"तुमीच तेव्हा त्याला कायतरी बोललेले. तेच बोला."

"ते त्याला बोललेलं."

देवू जमेल तसं हसला. सुजीतनं फोटो काढला, तिथंच बसून चढवला, आणि चहा न घेता निघाला. किल्ली फिरवता फिरवता तो म्हणाला, "बाजूला कशाला बघत व्हतास सारखा? फोनकडं बघ म्हटलं तं."

देवू बाजूला बघत नव्हता. म्हणजे, त्याला तरी तसं वाटत होतं.

चारेक दिवसांनी सुजीतनं काही न लिहिता रंगांचं ते पान त्याला फोनवर पाठवलं. पायऱ्या निळ्या होत्या, दार निळं. देवूनं पहिल्यांदा स्वतःचं तोंड शोधलं. तेही निळं होतं. एवढी माणसं येत होती, आणि एकाही बोटानं त्याला शिवलं नव्हतं. फक्त त्याच्या डाव्या खांद्यावर लाल होतं. पंजाएवढं. आणि खांद्यामागून तसंच लाल वर चढत गेलेलं, त्याच्या कानाच्याही वर, त्याच्यापेक्षा उंच माणसाचं डोकं येईल तिथवर.

कमलेश त्याच्यापेक्षा उंच होता.

७

दुपारची भांडी पालथी पडली. आई ओट्यावर आली. देवू तिच्या उजव्या हाताला बसला, कारण डाव्या हाताला पायऱ्या होत्या. ऊन पांढरं होतं. समोर समुद्र मागं सरला होता आणि होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

"दाखव."

त्यानं दाखवलं. आता टाळण्यात अर्थ नव्हता, आणि टाळायचं बळही उरलं नव्हतं. आईनं एक हात त्याच्या गुडघ्यावर टेकला, दुसऱ्यानं फोन नाकाशी नेला. लांब धरला. जवळ आणला. अंगठा काचेवर चाचपडत निघाला आणि त्याच्या तोंडावर येऊन थांबला.

देवूनं डोळे मिटले. म्हण, हा काय, हाय. एकदा म्हण, म्हणजे सुटलो.

"हा तू," आई म्हणाली.

त्यानं डोळे उघडले.

"शर्ट त्याचा घातलास."

"व्हय."

"दिसतो बरा." ती रागावलेली नव्हती. अंगठा थोडासा बाजूला सरला. "आनि हा काय. हा हाय."

काठ्यांवरचे बोंबील वाजायचे थांबले होते. वारा पडला असेल, देवूनं मनाशी म्हटलं. दुपारी वारा पडतोच.

"आज हसत नाय पन," आई म्हणाली. तिनं फोन डोळ्याला जवळजवळ चिकटवला. "आजपरेंत समोर बघायचा. आज तुज्याकडं बघतोय."

आता सांगायला हवं होतं. आई, मी पुसला त्याला. या हातानं. आणि पुसल्यावर मला बरं वाटलं. हे एवढंच होतं सगळं, अवघी तीन वाक्यं. देवूनं तोंड उघडलं.

"आये, मी..."

आईनं फोन खाली ठेवला होता. तिनं मान वळवली. देवूला वाटलं, आपल्याकडंच वळली. पण तिची ती पांढुरकी नजर त्याच्या तोंडावर नव्हती. त्याच्या डाव्या खांद्याच्या जरा वर, मागं होती.

"काय केलं रे यानं तुला, कमू?"

कमू अशी ती एकालाच हाक मारायची. त्या हाकेतलं ते मऊ देवूच्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

तिनं डोकं थोडं कलतं केलं. उजव्या कानानं तिला नीट ऐकू यायचं, तो कान पुढं आला. देवूला काहीच ऐकू येत नव्हतं. स्वतःचा श्वासही नाही. खांद्याला काही लागत होतं का, हे त्याला सांगता आलं नसतं. तिकडं लक्ष न देण्यातच त्याची सगळी ताकद चालली होती.

"हूं," आई म्हणाली.

मग थोडं थांबून, "हूं."

कोणी काहीतरी सविस्तर सांगावं, पहिल्यापासून, एकही गोष्ट न गाळता, आणि ऐकणाऱ्यानं मधे तोंड घालू नये, तशी ती ऐकत होती. एकदा तिनं भुवया आक्रसल्या. एकदा बंधाऱ्याच्या दिशेनं पाहिलं. देवू मान ताठ धरून समोरच्या चिखलाकडे बघत बसला आणि आपल्याला काय म्हणायचं होतं ते त्याला आता आठवेना. त्याला आता कोणी काही विचारत नव्हतं.

"हूं," आई तिसऱ्यांदा म्हणाली, अगदी हळू. आणि त्याच्या गुडघ्यावरचा हात तिनं काढून घेतला.